रोजची प्रार्थना: जपमाळ, मनन, वर्षभराचं वाचन की रात्रीची उजळणी?

रोज प्रार्थना करायची, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: कोणती? सल्ल्यांना तोटा नसतो. कॅथलिक घरात आजी बजावते, जपमाळ चुकवायची नाही. प्रोटेस्टंट मंडळीत वर्षाच्या पहिल्या रविवारी बायबलवाचनाचा तक्ता हातात पडतो. रिट्रीटहून आलेली मैत्रीण मौनाचे गोडवे गाते. सगळं चांगलंच, पण नोकरी, घर आणि विरार-चर्चगेट सांभाळणाऱ्या माणसाच्या दिवसात सगळं मावत नाही. यातलं एकच धरायचं असेल तर काय धरावं, एवढ्यापुरता हा आढावा. कोणती साधना श्रेष्ठ, या वादात मला रस नाही. दिवसातला कोणता वेळ खरोखर तुमचा आहे आणि बायबलशी तुमची ओळख कितपत आहे, या दोन प्रश्नांवर निवड ठरते असं माझं मत आहे.

वर्षभरात अख्खं बायबल वाचण्याची योजना प्रोटेस्टंट घरांत सर्वांत जास्त चालते. बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे रोज सव्वातीनच्या आसपास. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या रॉबर्ट मरे मचेन या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही वापरात आहे. त्यात रोज साधारण चार अध्याय असतात आणि वर्षात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. मला त्याचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. तक्ता देतानाच त्याने त्यातले धोकेही लिहून ठेवले होते: वाचन नुसता उपचार होईल, 'माझं आजचं झालं' असा अहंकार येईल, घाईघाईत वाचलं जाईल, आणि काहींना हे जू पेलणारच नाही. पावणेदोनशे वर्षांनंतरही यादीत बदल करायची गरज नाही. पहिल्या पानापासून सलग वाचलं तर उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं झपाट्याने होतात, मग तिसरं, लेवीय लागतं, आणि यज्ञबलींच्या नियमांत फेब्रुवारी अडकून पडतो. चार दिवस चुकले की सोळा अध्याय थकतात आणि वाचन कर्जाच्या हप्त्यांसारखं मानगुटीवर बसतं. तरीही ज्याने बायबल कधी सलग वाचलेलंच नाही, त्याने एकदा तरी हे करावं. संदेष्टे कोणावर आणि का चिडले होते हे माहीत नसेल, तर सुटी वचनं भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीच कामाची. फक्त एका वर्षाचा हट्ट सोडा, दोन वर्षं घ्या.

याच्या अगदी उलट रीत मठांमधली, 'लेक्शिओ दिविना', म्हणजे थोडंसंच वचन सावकाश वाचून त्यावर प्रार्थना करणं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत अशा वाचनाला दिवसाचे तास राखून ठेवलेले होते. बाराव्या शतकात गिगो या कार्थुसियन संघाच्या मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. इथे चार अध्याय नाहीत, फार तर सात-आठ ओळी. मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ घ्या. लाटा नावेत येताहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण उशी फक्त मार्ककडे आहे. तक्त्यावर खूण करायच्या घाईत ती उशी दिसतच नाही. इथे तिच्यापाशीच थांबायचं. ही उशी मला आज का खटकली? मी दमलेय म्हणून, की तो झोपलाय याचा राग येतो म्हणून? आणि जे मनात येईल तेच त्याच्याशी बोलायचं. शिष्यांनीही तेच केलं, 'तुला आमची काळजी नाही का' असं सरळ विचारलं.

लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेल्या आणि सगळ्या गोष्टी तोंडपाठ असलेल्या माणसाला याचा फार उपयोग होतो. अडचण वेळेची. निदान वीस मिनिटं कोणी हाक मारणार नाही अशी हवीत, आणि वन रूम किचनमध्ये ती पहाटे पाचच्या आधीच मिळतात. शिवाय बायबल नवं असेल तर ओळीचा मागचापुढचा संदर्भ सुटतो आणि माणूस स्वतःच्याच मनातलं वचनात वाचू लागतो. म्हणून हे दुसऱ्या टप्प्यावर बरं.

जपमाळेत मरियेची विनवणी असते, त्याबद्दल प्रोटेस्टंट वाचकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, तो वाद इथे नको. साधना म्हणून तिची ताकद अशी की दमलेल्या माणसालाही ती जमते. त्रेपन्न वेळा 'नमो मरिया' म्हणताना डोकं चालवावं लागत नाही, बोटं मणी मोजतात आणि मन येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर, म्हणजे 'रहस्यां'वर, ठेवता येतं. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी दुःखाची. गुरुवारी प्रकाशाची, जी २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. वसईकडच्या घरांत संध्याकाळी सगळे जमून ती म्हणतात. तीन पिढ्या एकत्र बसून करू शकतील असं दुसरं काही या यादीत नाही. एकट्याने लोकलमध्येही होते, दहा बोटं पुरतात. तोटा उघड आहे: ओठ चालू राहतात आणि मन मात्र भाजीच्या हिशेबात.

रात्रीची उजळणी इग्नेशियस लोयोलाची. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक. त्याचं साधनेचं पुस्तक १५४८ साली पोपच्या मान्यतेने छापलं गेलं, आणि त्याने स्थापलेल्या येशूसंघाचे सदस्य (जेजुइट) आजही ही उजळणी दिवसातून दोनदा करतात. क्रम साधा आहे. आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासून दिवस पुन्हा बघायचा, चुकल्याची क्षमा, आणि उद्याचा विचार. दहा-बारा मिनिटं पुरतात. पुस्तक लागत नाही, दिवा मालवला तरी चालतं.

यात मोठ्या पापांची यादी करायला बसायचं नसतं. साडेनऊला ऑफिसात नव्या मुलीने दुसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा आपला आवाज कसा लागला, ते आठवायचं. दुपारी कोणीतरी न मागता डब्यातली भाजी पुढे केली तेही. आपण देवाजवळ कधी सरकलो आणि कधी दूर गेलो, हे अशा बारीकसारीक ठिकाणीच कळतं. नोकरदार माणसाने एकच निवडायचं असेल तर मी हेच सुचवेन, कारण चुकलेला दिवस थकबाकी म्हणून पुढे येत नाही. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. आधीच स्वतःला टोचत राहणारा स्वभाव असेल तर ही उजळणी रोजची उलटतपासणी होते. तशांनी पहिले काही आठवडे आभारांवरच थांबावं आणि पुढचं एखाद्या फादरांच्या किंवा पाळकांच्या सोबतीने करावं. आणि अंथरुणात आडवं होऊन करू नये, झोप लागते.

बाकीचं थोडक्यात. सकाळ-संध्याकाळची ठरलेली प्रार्थना हवी असेल तर अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाची रीत आहे, तीत महिन्याभरात सगळी १५० स्तोत्रं होतात. शांत बसणं ज्यांच्या स्वभावातच नाही त्यांनी गावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही संतांचा अभंग सोडला नाही, आणि त्यांची भजनं मराठी मंडळ्यांत अजून म्हटली जातात. रोज एक, पेटी असो वा नसो.

उपास मी या तुलनेत धरला नाही, कारण तो रोजचा नव्हे. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस बंधनकारक, तेही १८ ते ५९ या वयात. मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अजूनही ठरत नसेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. सकाळच्या गाडीत एक वाचा, रात्री दहा मिनिटं उजळणी करा. तीन आठवड्यांत तुमचा कल वाचनाकडे आहे, मननाकडे की उजळणीकडे, ते कळेल. घरचे संध्याकाळी जपमाळेला बसत असतील तर तिथेही बसा, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.