दयाळ ऐकायचा की शामा?

गोव्यात एकच पहाट हाताशी असेल आणि गाणं ऐकायचं असेल, तर शामाच्या मागे जा. पक्षी नीट दिसायला हवा असेल, तर दयाळ. दोघे कोप्सिकस या एकाच गटातले (genus), पण वागणं अगदी वेगळं.

दयाळासाठी गावातून हलावं लागत नाही. मार्च ते जून या विणीच्या दिवसांत नर उजाडायच्या आधीच माडाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या खांबावर उघडा बसून गातो. वर काळाभोर, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटी ताठ वर. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. नवखे चिरकाला दयाळ समजतात. चिरकाच्या नराचं पोट काळं आणि बुड तांबडं असतं. त्याच्या खांद्यावरचं पांढरं मुख्यतः उडतानाच दिसतं. थंडीत दयाळ बहुधा गात नाही, नुसता करकरतो.

शामा गच्च रानातला: बोंडला, मोले, खोतीगाव, नेत्रावळी ही अभयारण्यं. बांबूची बेटं आणि व्हाळाकाठची सावली त्याला लागते. नर काळा, पोट तांबूस-तपकिरी, कमरेवर पांढरा डाग आणि शेपटी भलती लांब. आवाज भरदार, स्वरांना गोलाई आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला. पक्ष्याच्या आवाजाचं पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण लुडविग कोख यांनी १८८९ मध्ये केलं, ते पिंजऱ्यातल्या शामाचंच. याच गळ्यापायी तो पिढ्यानपिढ्या पकडला गेला. आज त्याला पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

फसगत होते ती नकलांमुळेच. त्याच रानातला पल्लवपुच्छ कोतवालही पट्टीचा नकलाकार. आवाज उंचावरून आला तर कोतवालाचा संशय धरा. शामा बहुतेक जमिनीलगतच्या झुडपांत असतो. ‘टक्-टक्’ ऐकू आलं की तो बिथरलाय, तिथेच थांबा. मोबाईलवर त्याचं गाणं वाजवू नका: हद्द राखायला नर धावून येतो आणि घरटं उघडं पडतं.

अभयारण्याची फाटकं पहाटे उघडी नसतात. बोंडल्यात आदल्या रात्री मुक्काम करा, नाहीतर उसगावहून वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभे राहा. सकाळ हुकली तर दिवेलागणीला रानाला लागून असलेल्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला थांबा. बाकीचे पक्षी गप्प झाल्यावरही शामा गात असतो.