सूर्यनमस्कार की पर्वती?

नोकरी राहते की जाते, अशा दिवसांत मनाला धरून ठेवायला सकाळची एखादी सवय लागते. पुण्यात दोन पर्याय हाताशी आहेत: घरात सूर्यनमस्कार, नाहीतर पर्वती चढणं.

नमस्कारांना सतरंजीभर जागा पुरते. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला, तो उगाच नाही. पाऊस असो की २०२०सारखी टाळेबंदी, खंड पडत नाही. श्वास मोजताना हप्त्यांचा हिशेब तेवढा वेळ थांबतो. अडचण एकच, घरात फोनही असतो. ‘पाच मिनिटांत करतो’ म्हणता म्हणता अंघोळीची वेळ होते.

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या, त्यात पावसाळ्यात निसरड्या. पण वर माणसं भेटतात. रोजचे एक काका ‘काल दिसला नाहीत?’ म्हणून विचारतात. त्यांना काय सांगायचं, या भीतीनेच दुसऱ्या दिवशी पाय बुटांत शिरतात! शिवाय वरून शहर पसरलेलं दिसलं की ऑफिसातली अफवा जरा लहान वाटते.

दोन्हींत घाई नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पल्ला मात्र १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे गणित विसरा.

माझा कौल? एकटेपणा खात असेल तर पर्वती. रात्रपाळी असेल तर नमस्कार. मी स्वतः जून ते दिवाळी सतरंजीवर असतो.