मनगटातलं इंजेक्शन: स्टेरॉइड की डेक्स्ट्रोज?

कार्पल टनेल सिंड्रोम आहे, म्हणजे मनगटात नस (मज्जातंतू) दाबली जातेय, रात्री मनगटाला पट्टा बांधूनही हाताला येणाऱ्या मुंग्यांनी झोप मोडतेय आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय, अशांसाठी हे लिहितोय. त्रास मला दोन्ही हातांना होता. उजव्यात स्टेरॉइड घेतलं, पुढे डाव्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज.

लवकर आराम हवा असेल तर स्टेरॉइडच. आठवड्याच्या आत रात्रभर सलग झोप लागली, शर्टाची बटणं न चाचपडता लावता यायला लागली. काही महिन्यांनी मात्र अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुन्हा बधिर होऊ लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीतही असंच दिसलं: दहा आठवड्यांपर्यंत स्टेरॉइडचा फायदा स्पष्ट, पण वर्षभरात त्यातल्याही बहुतेकांचं ऑपरेशन झालं.

तरी मी पुन्हा तेच घेतलं असतं. नको वाटलं ते शुगरमुळे. मला डायबेटिस आहे. इंजेक्शननंतर उपाशीपोटीची शुगर दोनशेच्या वर गेली. गोळ्या त्याच, जेवण तेच. रात्रीची भाकरी अर्धी केली तरी सकाळी मशीनवर आकडा तसाच. काही दिवसांनी उतरली, पण दर वेळी हे सोसायची माझी तयारी नव्हती.

डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच, म्हणून घरचे धास्तावले होते. पण ५ मिलीत साखर जेमतेम पाव ग्रॅम असते. माझी शुगर हललीसुद्धा नाही. हे सोनोग्राफीत बघत देतात. पडद्यावर नसेभोवती काळं पाणी पसरत गेलं आणि आजूबाजूला चिकटलेली नस सुटी होताना मला दिसली. आराम मात्र हळूहळू पडला, पुन्हा जावंही लागलं, आणि सोनोग्राफीत बघून देणारे डॉक्टर शोधावे लागले. पण डावा हात अजून चांगला आहे. तैवानमध्ये दोन्हींची तुलना झाली (२०१८), तिथेही चार ते सहा महिन्यांनी डेक्स्ट्रोज सरस ठरलं. रुग्ण पन्नासएकच होते, हे खरं.

पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) मी घेतलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

डायबेटिस नसेल आणि तातडीचं काम अडलं असेल, तर स्टेरॉइड घ्यायला माझी हरकत नाही. शुगर असेल तर आधी डेक्स्ट्रोजबद्दल जरूर विचारा. आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल गेल्यासारखा दिसत असेल, तर इंजेक्शनांत वेळ न घालवता हाताच्या सर्जनला दाखवा.