जॉन वॉटर्सच्या चार डिस्क: धक्का ओसरल्यानंतर

जुने, महत्त्वाचे चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीनं काढलेल्या, अमेरिकी दिग्दर्शक जॉन वॉटर्सच्या चार ब्लू-रे गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहेत: ‘मल्टिपल मेनियाक्स’ (१९७०), ‘पिंक फ्लेमिंगोज’ (१९७२), ‘फीमेल ट्रबल’ (१९७४) आणि ‘पॉलिएस्टर’ (१९८१). आल्या आल्या चारही एका दमात पाहून टाकल्या, आणि मग हळूहळू, एकेक करून, पुन्हा पुन्हा पाहिल्या. हे सगळं मुद्दाम लिहितोय, कारण या चित्रपटांबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक पहिल्या वेळेचं असतं. किती किळस आली, कोण मध्येच उठून गेलं, वगैरे. तो धक्का दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उरत नाही. मग जे दिसतं ते मला जास्त मोलाचं वाटतं: बाल्टिमोरमधल्या मूठभर मित्रांनी अपुऱ्या पैशांत घेतलेली प्रचंड मेहनत.

आधी व्यवहाराचं सांगतो. या अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या आहेत आणि भारत ‘सी’ विभागात येतो. इथल्या साध्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत, सर्व विभागांचा प्लेअर लागतो. तो नसेल तर डिस्क मागवूच नका. अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर जुलै किंवा नोव्हेंबरात घ्यायला सांगा. बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांत बरीच वर्षं याच सुमारास क्रायटेरियनचा निम्म्या किमतीचा सेल लागत आला आहे. इंग्रजी सबटायटल्स आहेत, आणि ती लावाच. बाल्टिमोरचे उच्चार, त्यात सगळे ओरडून बोलतात, आणि आवाज त्या काळच्या साध्या यंत्रावर घेतलेला.

वॉटर्स एकटा आकाशातून पडला नाही. न्यूयॉर्कमध्ये जॅक स्मिथनं १९६३ मध्ये ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ केला होता. एका जुन्या थिएटरच्या गच्चीवर, मुदत उलटून गेलेल्या फिल्मवर, जुन्या हॉलिवूडच्या नट्यांसारखे नटलेले मित्र घेऊन. १९६४ मध्ये पोलिसांनी तो जप्त केला आणि दाखवणाऱ्यांवर खटला भरला. ब्राँक्समधले जुळे भाऊ जॉर्ज आणि माइक कुचार पोरवयापासून घरातल्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यावर हॉलिवूडच्या मेलोड्रामाची विडंबनं करत होते. आपण कुणाकडून शिकलो हे वॉटर्सनं कधी लपवलं नाही, कुचार बंधूंचं नाव तो आजही आदरानं घेतो. त्याच १९६४ मध्ये लेखिका सुझन सोंटॅगनं ‘कॅम्प’वर, म्हणजे बेगडी, भडक, अतिरेकी गोष्टींत रस घेण्याच्या वृत्तीवर, टिपणं लिहिली. खरा कॅम्प नकळत घडतो, ठरवून केलेला कॅम्प तितकासा जमत नाही, असं तिचं म्हणणं. या चार डिस्क पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला ते पटत नाही. वॉटर्सचं सगळं ठरवून आहे, संवादाचा शब्द न् शब्द तालमीत घोटलेला आहे, तरी ते जमतं. का जमतं, तर यातला एकही नट प्रेक्षकाला डोळा मारत नाही. समोर कितीही बेगडी प्रसंग असो, ती मंडळी तो मनापासून जगतात.

‘मल्टिपल मेनियाक्स’ घ्या. वडिलांकडून उसने घेतलेले ५,००० डॉलर, कृष्णधवल १६ मिलिमीटर फिल्म. लेडी डिव्हाइन नावाची बाई (भूमिका डिव्हाइन या पुरुष नटाची) विकृतांची जत्रा भरवते, फुकट म्हणून उपनगरातल्या सभ्य लोकांना तंबूत बोलावते आणि शेवटी पिस्तूल रोखून लुटते. हा तंबू वॉटर्सच्या आईवडिलांच्या घरापुढच्या हिरवळीवर ठोकला होता. तंबूत एक जण ओकारी खातो, कुणी आणखी काही करतं, आणि याच रांगेत एक ‘प्रयोग’ असतो: दोन पुरुष एकमेकांच्या ओठांवर चुंबन घेतात. बस. एवढंच. सभ्य प्रेक्षक किंचाळतात, तोंडं फिरवतात, पण पाय काही काढत नाहीत. पहिल्या वेळी मी या प्रसंगावरून सहज पुढे गेलो होतो, कारण लक्ष ओकारीवर होतं. आता तो चुंबनाचा प्रसंग आला की मी रिमोट खाली ठेवतो. चित्रीकरण १९६९ मधलं आहे, ज्या वर्षी न्यूयॉर्कला स्टोनवॉल बारमधल्या पोलिसी धाडीविरुद्ध समलिंगी लोकांचा दंगा झाला त्याच वर्षीचं. समलिंगी माणसाला जग कुठल्या रांगेत उभं करतं हे एकाही भाषणाशिवाय सांगून टाकलं आहे. आणि लुटले जातात ते बघे, चुंबन घेणारे नव्हेत.

यातली दृश्यं लांबच लांब असतात, कॅमेरा हलतो तो झूम करत पुढे-मागे. हा नवशिकेपणा असं बरेच जण म्हणतात. खरं कारण यंत्रात आहे. वॉटर्सकडे ऑरिकॉन कॅमेरा होता, टीव्हीच्या बातम्यांसाठी वापरायचे तसला. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर नोंदवले जातात, पण आवाज चित्राच्या साधारण सेकंदभर पुढे असतो. चित्र जिथे तुटेल तिथे आवाज तुटत नाही. म्हणजे मनासारखं कापाकापीचं कामच नाही. दृश्य सलग घ्यायचं, कुणी चुकलं की पहिल्यापासून. त्यामुळे नटांना पानंच्या पानं पाठ करावी लागत. मिंक स्टोल, डेव्हिड लोकारी, डिव्हाइन, एकही शिकलेला नट नव्हता, आणि तरी नाटकातल्यासारखे न अडखळता बोलत राहतात. मी एकदा सबटायटल्स बंद करून फक्त त्यांच्या श्वासांकडे लक्ष दिलं. लांब वाक्याआधी डिव्हाइन छातीभर हवा भरून घेतो, ती ऐकू येते. हे स्वस्तातलं काम आहे, पण कामचुकारपणा यात कुठेच नाही.

चित्राची प्रत उत्तम. नवी प्रत मूळ फिल्मवरून केली आहे आणि २०१६ मध्ये ती आधी थिएटरांत आली. फिल्मचा कण राखला आहे, गुळगुळीत केलेला नाही, हे फार बरं झालं. एक मात्र ध्यानात घ्या: मूळ चित्रपटात परवानगीशिवाय वाजवलेल्या रेकॉर्ड होत्या, हक्कांमुळे नव्या प्रतीत संगीत बदलावं लागलं. मी जुनं ऐकलेलं नाही, त्यामुळे मला खटकलं नाही, जुन्या चाहत्यांना खटकेल. शेवटी येणाऱ्या १५ फुटी शेवंडीची मात्र आता शिवण न् शिवण दिसते. व्हिन्सेंट पेरानियोनं ती हातानं बनवली होती आणि आत माणसं शिरून ती हलवत होती. ते लपवायचा प्रयत्नच नाही. राक्षसपटांचं विडंबन इतकं उघड असूनही डिव्हाइनची त्या प्रसंगातली भीती खरी वाटते. तो प्रसंग बलात्काराचा आहे, हे पाहण्याआधी माहीत असलेलं बरं. चर्चमधलाही एक प्रसंग आहे, श्रद्धाळू माणसाला तो सहन होणार नाही.

डिव्हाइनबद्दल थोडं सावकाश लिहितो. खरं नाव हॅरिस ग्लेन मिलस्टेड, जन्म १९४५. व्हॅन स्मिथ या रंगभूषाकारानं ‘पिंक फ्लेमिंगोज’साठी त्याचे केस कपाळापासून मागे भादरले, भुवया रंगवायला जागा हवी म्हणून. भुवया मग डोक्याच्या मध्यापर्यंत चढतात. पुरुषानं बाई होणं आपल्याला नवं नाही. पण बालगंधर्वांची सारी कला समोर पुरुष आहे हे विसरायला लावण्यात होती, त्यांचं नेसणं पाहून बायका नेसायला शिकल्या म्हणतात. डिव्हाइन एक क्षणही विसरू देत नाही. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल तर ती तमाशातल्या गवळणीतली मावशी. डोक्यावरून पदर ओढून कमरेवर हात ठेवून उभा असलेला बाप्या, पेंद्याशी हुज्जत घालणारा. कृष्णकथेची थट्टा चालते पण कथेवर राग नसतो, उलट सगळ्यांना ती कथा इतकी पाठ असते की थट्टा परवडते. वॉटर्सचंही तसंच आहे. हॉलिवूडच्या रडक्या नायिकांवर त्याचा जीव आहे. ज्या गोष्टीवर जीव नाही तिचं दीड तासाचं विडंबन कुणाला करता येत नाही.

आता चौघांत माझा सगळ्यांत आवडता, ‘फीमेल ट्रबल’. खर्च साधारण २५,००० डॉलर, रंगीत. डॉन डेव्हनपोर्ट नावाची शाळकरी मुलगी नाताळला हवे ते उंच टाचांचे बूट मिळाले नाहीत म्हणून झाड आईच्या अंगावर पाडते आणि घर सोडते. तिथून चोर, मग मॉडेल, मग खुनी, मग विजेची खुर्ची. खुर्चीवर बसताना ती चाहत्यांचे आभार मानते, जणू ऑस्कर मिळालंय. डिव्हाइन यात डॉनही आहे आणि तिच्यावर जबरदस्ती करणारा अर्लही. ट्रॅम्पोलिनवरच्या उड्या त्यानं स्वतः मारल्या आहेत, त्या वजनानिशी, त्या कपड्यांत.

पण माझ्या घरी सर्वांत जास्त पाहिला गेलेला भाग आयडा मावशीचा. ही भूमिका करणारी एडिथ मॅसी बाल्टिमोरच्या फेल्स पॉइंट भागात बारमध्ये काम करायची. दात गेलेले, आवाज चिरका, बोलणं एकसुरी. तिचा भाचा गेटर साधासुधा, मुलींवर प्रेम करणारा. मावशीला त्याची काळजी लागून राहिली आहे. बाबा रे, तू गे हो, असं ती त्याला विनवते. तू ऑफिसात काम करशील, तुला पोरं होतील, लग्नाचे वाढदिवस साजरे करशील, या विचारानं मला झोप लागत नाही. हे लोक किती आजारी आणि कंटाळवाणं आयुष्य जगतात! हे सगळं ती डोळ्यांत पाणी आणून, खऱ्या मायेनं बोलते.

माझ्या वाट्याला ही विनवणी उलट दिशेनं पुष्कळ आली आहे. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, फोनवर. शब्द तेच, माया तीच, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड. त्या मायेला धक्का न लावता तिचं तोंड फक्त दुसरीकडे वळवलं की ती कशी दिसते, हे वॉटर्सनं दोन मिनिटांत दाखवलं. माझ्या जोडीदारानं हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आधी हसला, मग त्यानं तो मागे नेऊन पुन्हा लावला. एखादी चांगली, शिकलेली नटी इथे असती तर तिनं हा विनोद म्हणून केला असता. एडिथ मॅसीला तसं करताच येत नाही. तिला वाक्यं आठवायलाच इतके कष्ट पडतात की प्रत्येक शब्द नव्यानं सुचल्यासारखा बाहेर येतो.

‘पिंक फ्लेमिंगोज’ सर्वांत प्रसिद्ध आणि माझ्याकडे सर्वांत कमी वेळा लागलेली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत तिची निवड झाली, मध्यरात्रीच्या खेळांचा इतिहास तिच्यावाचून लिहिता येणार नाही, हे सगळं मान्य. पण त्यात एक कोंबडी खरोखर मारली आहे, तो प्रसंग मला चालत नाही आणि मी तो पुढे ढकलतो. शेवटचा कुप्रसिद्ध प्रसंग, ज्यात डिव्हाइन खरोखर कुत्र्याची विष्ठा तोंडात घालतो, एकाच सलग दृश्यात आहे, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो, पण पुन्हा पाहण्यासारखं त्यात काही उरत नाही. मेरीलँड राज्याचं सेन्सॉर बोर्ड १९८१ पर्यंत जिवंत होतं, देशातलं असं शेवटचं. वॉटर्सला त्यानं बरंच छळलं. त्या बोर्डाला चिडवण्याची ऊर्मी या चित्रपटात जागोजागी जाणवते, आणि बोर्ड गेल्यावर त्या जागा थोड्या फिक्या पडल्या.

‘पॉलिएस्टर’ ३५ मिलिमीटरवर, तीन लाख डॉलरांत केलेला. डिव्हाइन इथे दुःखी गृहिणी आहे आणि आश्चर्य वाटेल इतकं संयमानं काम करतो. हॉलिवूडचा दिग्दर्शक डग्लस सर्क याच्या १९५०च्या दशकातल्या मेलोड्रामांची ही नक्कल. नायक टॅब हंटर, जो खरंच पन्नाशीच्या दशकात मुलींचा लाडका नट होता. तो समलिंगी असल्याचं त्यानं २००५ च्या आत्मचरित्रात लिहिलं. डिस्कबरोबर ओडोरामाचं कार्ड मिळतं: दहा ठिपके, पडद्यावर आकडा आला की तो ठिपका खरवडून वास घ्यायचा. गुलाब आहे, पेट्रोल आहे, आणि फुलांची आशा दाखवून हातात घाणेरडे बूट देणारा एक ठिपकाही. कार्ड एकच असतं आणि खरवडलेला वास उडतोच, त्यामुळे माझं आता बहुतेक संपलं आहे. पाहुणे येणार असतील तेव्हासाठी ठेवा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

जोड साहित्यात वॉटर्सची निवेदनं ऐकाच. मनमोकळा बोलतो, मेलेल्या मित्रांबद्दल विशेष. डिव्हाइन १९८८ मध्ये गेला, वॉटर्सचाच ‘हेअरस्प्रे’ नुकताच लागला होता तेव्हा. व्हॅन स्मिथ, लोकारी, मॅसी, कुणीच आता नाही. ‘मल्टिपल मेनियाक्स’वरच्या मुलाखतींत पेरानियो आणि मिंक स्टोल भेटतात, त्या अर्ध्या तासासाठीसुद्धा ती डिस्क घ्यावी.

आपल्याकडचं काही पाहायचं असेल तर रियाद वाडियाचा ‘बॉमगे’ (१९९६) शोधा. बारा मिनिटांचा, आर. राज राव यांच्या कवितांवरचा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू असताना मुंबईत केलेला. तोही तुटपुंज्या पैशांतला आणि तितकाच निर्भीड. त्याची अशी नीट, जोड साहित्यासकट डिस्क असायला हवी होती. रियाद २००३ मध्ये गेला, त्याच्या सोबत काम केलेल्यांच्या मुलाखती अजून घेता येतील.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं ‘फीमेल ट्रबल’पासून सुरुवात करावी, मग ‘मल्टिपल मेनियाक्स’. घरात कुणाबरोबर बसून पाहायचं असेल तर ‘पॉलिएस्टर’. ‘पिंक फ्लेमिंगोज’ आधी उसनी मिळाली तर पाहा, मग घ्यायची की नाही ते ठरवा.