कोपऱ्यातील फिरते कप्पे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मार्च महिन्यातील एका रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात असा काही आवाज झाला की, माजघरात झोपलेल्या सासूबाई ‘मांजर शिरलं गं’ म्हणत उठून बसल्या. मांजर नव्हते. ओट्याखालच्या कोपऱ्यातील कॅरोसलचे, म्हणजे मधल्या दांड्यावर फिरणाऱ्या कप्प्यांचे, वरचे तबक दांड्यावरून वीतभर खाली घसरून थेट कुकरवर बसले होते, कुकरची मूठ तुटली होती आणि तूरडाळीच्या डब्याचे झाकण उडून दीड किलो डाळ कपाटभर पसरली होती. हा अनुभव त्याच रात्री लिहिला असता, तर तो चार ओळींत संपला असता आणि त्या ओळी चारचौघांत वाचण्याजोग्या नसत्या. त्यानंतर माझे मत दोनदा बदलले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पाऊण गोल, दोन तबके, ७१ सेंटिमीटर व्यास, मधोमध उभा दांडा हे वर्णन कॅरोसलच्या शोधात असलेल्यांना नव्याने सांगायला नको. आमचे घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हा आमची पार्टिकल बोर्डाची जुनी कपाटे चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. त्यानंतर कित्येक वर्षे कडाप्प्याच्या मांडणीवर भागवले आणि गेल्या दिवाळीत उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायमध्ये इंग्रजी एल आकाराचा नवा ओटा करून घेतला. एल म्हटले की कोपरा आलाच, आणि कोपरा म्हटले की हात न पोहोचणारी काळोखी जागाही आलीच. दुकानदाराने ‘मॅजिक कॉर्नर’ नावाच्या सरकत्या यंत्रणेसाठी २१,५०० रुपये सांगितले. कोपऱ्यातून डबा बाहेर काढण्यासाठी एवढे पैसे मोजण्याची माझी तयारी नव्हती. कॅरोसल ८,७०० रुपयांना आणि त्याची बसवणी ९०० रुपयांना पडली. हे ९,६०० रुपयेही मी दोन रात्री विचार करूनच दिले.

पहिले तीन महिने मी पाहुण्यांना आधी स्वयंपाकघर दाखवत असे आणि चहा नंतर देत असे. बोटाने ढकलले की तबक फिरते आणि मागचा डबा पुढे येतो. गुडघे टेकून, डोके कपाटात घालून, पुढचे सहा डबे बाहेर काढण्याची कवायत संपते. दुकानात बेअरिंग गुळगुळीत आहे असे सांगितले जाते, ते खरे आहे. तबकाचा तळ जाळीचा न घेता सपाट घ्यावा, कारण जाळीवर लहान बरण्या डुगडुगतात. मिठाची बरणी स्टीलच्या तबकावर नुसती ठेवू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलवरही मीठ आणि ओल मिळून बारीक डाग पाडतात. खाली बशी ठेवली की भागते.

आता मुख्य गोष्ट. मी शाळेत गणित शिकवते, आणि हा हिशोब मला पैसे देण्यापूर्वी सुचू नये याचा राग मला अजून आहे. चौकोनात मावणारा मोठ्यात मोठा गोल त्या चौकोनाच्या शंभर भागांपैकी साधारण साडेअठ्ठ्याहत्तर भागच व्यापतो. उरलेले साडेएकवीस भाग चारही कोपऱ्यांत पडून राहतात. म्हणजे ज्या कोपऱ्यासाठी आपण पैसे देतो, नेमका तो कोपराच गोल तबकाच्या बाहेर राहतो. बरे, गोल तबकावर तरी किती मावते? याचे उत्तर प्रत्येक मराठी घरात मिसळणाच्या डब्याच्या रूपाने ठेवलेले असते. सारख्या मापाच्या सात वाट्या, एक मधोमध आणि सहा भोवती, गोल डब्यात बरोबर बसतात आणि तळाचे नऊपैकी सात भाग भरतात. कॅरोसलमध्ये मधल्या वाटीच्या जागी दांडा असतो, आणि पाऊण गोल असल्याने भोवतालच्या सहांपैकी दीड वाटीची जागा दारासाठी कापलेली असते. अर्धी वाटी काही ठेवता येत नाही. त्यामुळे माझे २३ सेंटिमीटर व्यासाचे धान्याचे डबे एका तबकावर चारच बसतात. चौकोनी प्लॅस्टिकचे डबे तर विसरावेत. त्यांचे कोपरे कठड्याबाहेर डोकावतात आणि फिरताना कपाटाच्या बाजूला घासतात.

डबे कमी बसणे मी सहन केले असते. मला सहन झाले नाही ते त्या साडेएकवीस भागांचे पुढचे वागणे. तबकाचा कठडा जेमतेम दोन बोटे उंच आहे. घाईत तबक जोरात फिरवले की कडेची हलकी वस्तू बाहेरच्या दिशेने कलते, कठड्यावरून जाते आणि मागच्या त्रिकोणी पोकळीत पडते. ती तेथून काढायची, तर दोन्ही तबके रिकामी करून, जमिनीवर आडवे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. कोपऱ्यात वाकावे लागू नये म्हणून घेतलेली वस्तू माणसाला कोपऱ्यात झोपवते! जानेवारीपासून मी फ्रिजवरच्या वहीत नोंद ठेवू लागले. मार्चच्या मध्यापर्यंत अकरा वस्तू पडल्या : चहाचे गाळणे, दोन जायफळे, खायच्या सोड्याची पुडी, किसणीचे पाते, चार झाकणे, वेलदोड्याची डबी आणि सासूबाईंची चष्म्याची केस, जी तेथे का होती हे अद्याप उलगडलेले नाही. यजमानांच्या मते मी या गोष्टीचा नको इतका बाऊ करते. जमिनीवर आडवे पडण्याची पाळी त्यांच्यावर एकदाही आलेली नाही.

तशात ती मार्चमधली रात्र आली. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा शाळू बाजारात येतो आणि आमच्याकडे त्याच वेळी डबे गच्च भरले जातात. तक्रार नोंदवल्यावर अकराव्या दिवशी दुकानाचा कारागीर आला. त्याने टॉर्च मारून आत पाहिले.

“काकी, ह्यात तुम्ही शाळू ठेवलाय व्हय?”

“मग काय ठेवायचं?”

“हलकं काय तरी. शेवया, पापड असलं.”

“पापड ठेवायला साडेनऊ हजार?”

त्यावर तो हसला, आणि ‘ओव्हरलोड’ असा शेरा लिहून सही मागू लागला. मी सही केली नाही. तबकाला दांड्यावर धरून ठेवणारा नायलॉनचा बुश तडकला होता. पाच वर्षांची हमी बेअरिंग आणि दांड्याला आहे. बुश हा ‘झिजणारा भाग’ असल्याने तो हमीत येत नाही, असे मला त्या दिवशी प्रथमच कळले. दुकानात दोन फेऱ्या आणि सहा फोन झाले. मालकांचा मुद्दा एवढाच की, तबकामागे १५ किलोची मर्यादा खोक्यावर छापलेली आहे. खोके बसवणीच्या दिवशी त्यांचाच माणूस रद्दीत घालायला घेऊन गेला होता.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. भांडणात आकडा हाताशी असावा म्हणून मी घरच्या काट्यावर वरच्या तबकाचे चारही डबे तोलले. एकूण वजन २४ किलो ७०० ग्रॅम भरले. शिवाय शाळू आणि तांदूळ हे दोन सर्वांत जड डबे मी शेजारी शेजारी, एकाच बाजूला ठेवले होते. वजन दांड्यापासून दूर आणि एकाच अंगाला असले की बुशावर नुसता भार येत नाही, तर तो तिरपा ओढलाही जातो. तराजूच्या एकाच पारड्यात माप टाकल्यासारखे ते होते. हा आकडा मी दुकानदाराला सांगितला नाही. तरीही, ओट्याखाली जाणाऱ्या आणि धान्याच्या डब्यांसाठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तूची मर्यादा तबकावरच ठळक कोरलेली असायला हवी, हे माझे म्हणणे त्या आकड्याने बदलत नाही.

नवा बुश मागवून येण्यास तीन आठवडे आणि ६५० रुपये लागतील असे उत्तर मिळाले. त्याऐवजी यजमानांनी तडकलेला तुकडा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्याकडे नेला. त्याने दुसऱ्या दिवशी दोन स्क्रूंची लोखंडी कॉलर फिरवून दिली आणि २५० रुपये घेतले. सहा महिने झाले, ती तसूभर हललेली नाही.

त्यानंतर मी मांडणी बदलली. शाळू आणि तांदूळ पुन्हा पिंपात गेले. वरच्या तबकावर रवा, पोहे, शेंगदाणे, साखर आणि डाळींचे दोन-दोन किलोंचे गोल डबे समोरासमोर जोडीने आले. खाली कढया, तवे आणि मूठ बदललेला कुकर. मागच्या पोकळीसाठी सुताराकडून कठड्याच्या आतून चार बोटे उंच पीव्हीसीची पातळ पट्टी वाकवून बसवून घेतली. तिचे ३५० रुपये झाले. ही पट्टी कारखान्यातूनच का येत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कोणीही दिलेले नाही, आणि मी विचारायचे थांबलेलेही नाही.

जुलैच्या अखेरीस मात्र माझे मत पुन्हा पालटले. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की गावभागात ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट कोणी पाहत नाही. खालचे सामान माळ्यावर चढू लागते. पूर्वी ओट्याखालचा कोपरा रिकामा करण्यात अर्धा दिवस जाई आणि मागचे दोन डबे हमखास राहून जात. या वेळी सासूबाई पाटावर बसून तबक फिरवत गेल्या, मी एकेक डबा उचलत गेले, आणि सगळा कोपरा वीस मिनिटांत मोकळा झाला. पाणी आमच्या दारापर्यंत आले नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरण्याची भीती नाही, त्यांना या वीस मिनिटांची किंमत कदाचित वाटणार नाही.

या सर्व खर्चात ज्या वस्तूने मला खरा आनंद दिला, ती गणपती पेठेतून ३८० रुपयांना घेतलेली लहान फिरती थाळी आहे. अमेरिकेत अशा थाळीला ‘लेझी सुझन’ म्हणतात. १९१७ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकातील एका जाहिरातीतही ते नाव छापलेले आढळते. त्यातील ‘आळशी’ हे विशेषण स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या बाईने दिलेले नसावे, अशी मला दाट शंका आहे. वरच्या कपाटात तेलाच्या बाटल्या, काकवी, चिंचेचा कोळ, तूप आणि काळ्या मसाल्याची बरणी या थाळीवर राहतात. तेलाचा ओघळ लाकडावर न जाता थाळीतच थांबतो आणि ती उचलून नळाखाली धुता येते. मोठ्या कॅरोसलला तसे धुता येत नाही. तेथे फडके घेऊन दांड्याभोवती बोटे फिरवत बसावे लागते.

कोपऱ्यासाठी कॅरोसल घेऊ की नको, असे माझ्या नणंदेने मिरजेहून विचारले. तिचा ओटा सरळ आहे आणि कोपऱ्याला लागून खिडकीखाली मोकळी भिंत आहे. तिला मी साध्या खोल ट्रॉल्या करायला आणि कोपरा बुजवून टाकायला सांगितले. वाचलेल्या पैशांत अशा दोन डझन थाळ्या येतील. ज्यांचा कोपरा टाळता येत नाही, त्यांनी कॅरोसल घ्यावे, पण तबकाची मर्यादा बिलावर लिहून घ्यावी, खोके जपून ठेवावे आणि कठड्याची पट्टी पहिल्याच दिवशी बसवून घ्यावी.

एप्रिलमध्ये ही पट्टी बसल्यापासून फ्रिजवरच्या वहीत एकाच नोंदीची भर पडली आहे : साखरेचा चमचा, १४ ऑगस्ट. त्या दिवशी तबक सासूबाईंनी फिरवले होते, आणि तो चमचा अजून तेथेच आहे.