मराठी नावाच्या लिंका आठ महिने वापरून

मागच्या खरिपात आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट सुरू केली. गाव वणी तालुक्यातलं, वाचणारे सगळे कापूस-तूरवाले. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय दिसली: पानाचं नाव मराठीत टाकलं की लिंकही मराठीतच बनते. मी डोळे मिटून चालू केली. 'कापूस'चं स्पेलिंग एक जण यू लावून करणार, दुसरा डबल ओ लावून. ती कटकटच नको.

आता आठ महिने झाले. पाचापैकी साडेतीन तारे.

ब्राउझरच्या पट्टीत लिंक छान मराठीत दिसते. तिथून कॉपी करून ग्रुपवर टाकली आणि शेजारच्या काकांचा फोन आला, "काहून रे बाबू, इतले टक्के कायचे? कर्जाची नोटीस आहे का?" त्यांच्या फोनवर नुसती %ई०%ए४%९५%ई०%ए४%बीई अशी माळ लागली होती. (मुळात ही अक्षरं रोमन असतात, इथं देवनागरीत उतरवली.) काकांचं चुकलं नाही. पीककर्जाची सवय असलेल्या माणसाला टक्का म्हणजे व्याजच.

भानगड अशी की वेब पत्त्याच्या नियमात, म्हणजे २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये, रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढंच चालतं. बाकी सगळं टक्क्याच्या वेषात जातं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइटची, आणि प्रत्येक बाइटला टक्का अधिक दोन अक्षरं. म्हणजे एका खुणेचे ९. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'कापूस' डोळ्याला तीन अक्षरं, पण खुणा ५ आणि लिंकेत जागा ४५.

याचा पहिला फटका बोंडअळीच्या कार्यक्रमाला बसला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा, आणि ती टक्के धरून. 'बोंडअळी-नियंत्रण-कार्यशाळा' यातलं 'कार्यशा' बसलं, 'ळा' बाहेर राहिली. लिंक उघडत होती, पण वाचणारा हसत होता. एसएमएसचं तर विचारू नका. मराठी मजकूर असला की एका मेसेजात ७० च अक्षरं. टक्क्यांची लिंक घातली की एका निरोपाचे तीन तुकडे. एका ॲपमध्ये 'कापूस'मधला फक्त 'क' लिंक म्हणून निळा व्हायचा. काना-उकाराला ते अक्षरच धरत नव्हतं. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेनं तर टक्क्यालाच पुन्हा टक्क्यात घातलं: % चं %२५. आमच्या सर्व्हरनं एकदाच सोडवलं, आत तशीच गाठ, पान सापडेना.

एवढं सगळं झालं तरी खरं डोकं खाल्लं ते 'शेतकऱ्यांसाठी' या एका शब्दानं. मी बनवलेलं पान उघडायचं. गटाच्या सचिवांनी तोच शब्द स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाइप करून मेनूत लिंक दिली, तर पान नाही. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले, मोठे करून पाहिले, काही फरक नाही. सचिवभाऊ म्हणाले, "तुमचं सर्व्हरच बिघडून राहिलं." मलाही तसंच वाटलं. शेवटी रात्री दोन्ही लिंका टक्क्यांच्या रूपात एकाखाली एक ठेवल्या. माझ्यात %ई०%ए४%बी१ आणि मग हलन्त. त्यांच्यात %ई०%ए४%बी०, हलन्त, आणि त्यापुढे एक पाहुणा: %ई२%८०%८डी. माझ्या कीबोर्डवर ऱ ही स्वतंत्र खूण होती. त्यांच्याकडे साधा र, हलन्त आणि वर न दिसणारी जोडखूण. कागदावर दोन्ही 'ऱ्य', सर्व्हरला दोन वेगळी नावं. तिसरीही रीत आहे, र खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन. ज्या टक्क्यांना आठ महिने शिव्या दिल्या, त्यांनीच चोर दाखवला. मराठी रूपात तो जन्मात दिसला नसता.

नुक्ता आणि ऱ एक करायला युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणारं मानक) प्रमाणीकरण आहे, एनएफसी म्हणतात. सेव्ह करताना ते लावून घेतलं. पण न दिसणारी जोडखूण त्यानं जात नाही, ती हातानंच काढावी लागते. म्हणून आता लिंकेत 'ऱ्य' येऊच देत नाही: 'शेतकऱ्यांसाठी' नाही, 'शेतकरी'. नाव जास्तीत जास्त दोन शब्दांचं. एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सवर क्यूआर आहे, त्यात आकड्याची छोटी लिंक. मराठी लिंक घातली तर चौकोन इतके दाट होतात की उन्हात फोनला पकडतच नाहीत. फायरफॉक्समध्ये कॉपी करताना टक्के सोडवून देणारी एक सेटिंग आहे, ती चालू केल्यापासून काकांचे फोन बंद आहेत.

दीड तारा कापला तो या सोयीनं यातलं काहीच आधी सांगितलं नाही म्हणून. 'कार्यशा'वाली लिंक मात्र अजून तशीच आहे. दहा-बारा गावांच्या ग्रुपांत फिरली आहे, आता बदलली तर सगळीकडे मरेल.