मिनी ट्रॅक्टर, त्याचे सुटे भाग आणि एक अधिकृत विक्रेता : द्राक्ष बागायतदाराच्या नजरेतून

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडून आम्ही ३० अश्वशक्तीच्या आतला मिनी ट्रॅक्टर घेतला आणि वॉरंटीची मुदत संपल्यानंतरही दुरुस्तीसाठी त्याच्याकडेच जात राहिलो. हे परीक्षण ट्रॅक्टरचे नसून त्या विक्रेत्याच्या वर्कशॉपचे आणि विशेषतः त्याच्या सुट्या भागांच्या काउंटरचे आहे. विक्रेत्याचे व कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण शेजारच्या गावांतील वेगवेगळ्या रंगांच्या ट्रॅक्टरांचे मालक थोड्याफार फरकाने हीच कहाणी सांगतात, आणि एका दुकानाचे नाव घेतले की बाकीची आपोआप सुटतात. माझी मुख्य तक्रार भाग महाग असल्याची नाही. किंमत, भागाचा क्रमांक आणि तो मिळायला लागणारा वेळ या तीन गोष्टी ग्राहकाला आधी कळू न देण्याची जी पद्धत तिथे रुळली आहे, तिच्याबद्दल ती आहे.

बागायतदाराला मिनी ट्रॅक्टर का लागतो, हे ठाऊक नसलेल्यांना या तक्रारीची तीव्रता लक्षात येणार नाही. मांडवाखालच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून अरुंद मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या पीटीओवर (इंजिनची ताकद बाहेर देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा ब्लोअर, म्हणजे औषध उडवणारा पंखा, हीच फवारणीची खरी यंत्रणा असते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडून बाग फुलोऱ्याकडे जात असताना पाऊस झाला, की पाने ओली असतानाच डावणी या रोगाची लागण सुरू होते आणि औषध वेळेत गेले नाही तर वर्षाचे पीक डोळ्यांदेखत जाते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणण्याची सोयही अशा वेळी नसते, कारण पाऊस सगळ्यांच्याच बागेत पडलेला असतो आणि प्रत्येकाचा ब्लोअर त्याच सकाळी सुरू असतो. अशा दिवशी काउंटरवर उभा असलेला शेतकरी अडला हरी असतो, आणि समोरच्या माणसाला ते त्याच्या चपलांवरच्या चिखलावरून कळते.

विक्रीच्या बाजूबद्दल चांगलेच लिहावे लागेल. कर्जाची कागदपत्रे, नोंदणी, विमा हे सारे त्यांनी विनासायास करून दिले, आणि महाडीबीटीवरच्या अनुदानाच्या अर्जाला जोडायची कोटेशने व तपासणी अहवालही मागताच दिले. डिलिव्हरीला हार, पेढे आणि फोटो झाले. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसिंगसाठी त्यांचा मेस्त्री ठरलेल्या तासांना स्वतःहून शेतावर आला, आणि तो मेस्त्री हाताने अतिशय चांगला आहे, हेही नमूद केले पाहिजे. मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टचा धक्का त्याने नुसत्या आवाजावरून ओळखून व्हॉल्व्हच्या बसवणीत दुरुस्त केला होता आणि एकही नवा भाग लावला नव्हता. वॉरंटीबद्दल मात्र विकत घेतानाच एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: बॅनरवर जी वर्षे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात, त्यांत क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बेल्ट, रबरी होज यांसारखे झिजणारे भाग सहसा मोडत नाहीत, आणि एखादी सर्व्हिसिंग बाहेर करून घेतली तर उरलेल्या वॉरंटीवरही वाद उभा राहू शकतो.

खरा अनुभव सुरू झाला तो मुदत संपल्यानंतर. छाटणी उरकून फवारण्या सुरू झाल्या आणि पीटीओच्या शाफ्टजवळून तेल गळू लागले. ब्लोअर जोडला की घरघर येत असे, म्हणजे ऑइल सील गेले होते आणि मागचे बेअरिंगही ढिले झाले होते. ब्लोअरवाल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये हे नवल नव्हे, कारण मिनिटाला ५४० फेऱ्यांवर तासन्‌तास चालणाऱ्या पंख्याचा सगळा भार त्याच शाफ्टवर येतो. काउंटरवर उत्तर मिळाले, "दादा, सुटं येत नाही, असेंब्लीच घ्यावी लागंल." असेंब्ली म्हणजे शाफ्ट, बेअरिंगे, सील, सर्कलिप आणि घर (या सगळ्याचे बाहेरचे कवच) असा संपूर्ण संच, ज्यातला शाफ्ट आणि घर आमच्या ट्रॅक्टरमध्ये पूर्णपणे शाबूत होते. तिची किंमत विचारली तेव्हा संगणकाचा पडदा माझ्याकडे न वळवता एक आकडा सांगण्यात आला, आणि तोच आकडा संध्याकाळी फोनवर विचारल्यावर वेगळा निघाला. भागाचा क्रमांक मागितला तर "तो तुमच्या काय कामाचा" असे हसून विचारण्यात आले.

तो क्रमांक किती कामाचा असतो, हे काउंटरवाल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, कारण क्रमांक हातात आला की तोच भाग जिल्ह्यातील दुसऱ्या विक्रेत्याकडे आहे का, हे एका फोनवर कळते. मेस्त्रीने जुने बेअरिंग काढून पुसले तेव्हा त्याच्या कड्यावर ६२०६ असे कोरलेले होते. हा आकडा कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीच्या मालकीचा नाही. जगभर ६२०६ म्हणजे आतला व्यास ३० मिलिमीटर, बाहेरचा ६२ आणि रुंदी १६, आणि ते पंप, मोटारी, चक्क्या अशा असंख्य यंत्रांत बसते. ऑइल सीलवरही अशीच तीन मापे छापलेली असतात. हे दोन्ही सांगलीत बेअरिंगच्या दुकानात, नावाजलेल्या कंपनीच्या सीलबंद खोक्यात, पक्क्या बिलासह मिळाले आणि दोहोंची मिळून किंमत असेंब्लीच्या किमतीपुढे नगण्य होती. ते बसवून ट्रॅक्टरने उरलेला हंगाम विनातक्रार काढला. म्हणजे "सुटं येत नाही" याचा खरा अर्थ कंपनीच्या खोक्यात सुटे येत नाही, एवढाच होता, आणि तो अर्थ सांगणे काउंटरच्या सोयीचे नव्हते.

याचा अर्थ सगळेच बाहेरून घ्यावे, असा मात्र कोणी घेऊ नये. गिअर, शाफ्ट, लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह, इंजेक्शन पंपातले भाग हे त्या त्या मॉडेलसाठीच बनलेले असतात आणि त्यांच्या बाबतीत बाजारातला स्वस्त माल घेणे शहाणपणाचे नाही. आमच्या भागात लोकल क्लच प्लेट टाकून पुढच्याच हंगामात पुन्हा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उघडणारे लोक मी पाहिले आहेत. प्लेटमध्ये वाचवलेले पैसे उघडजोडीच्या मजुरीतच जातात. कंपनीच्या छापाची हुबेहूब नक्कल केलेली खोकीही मिळतात, त्यामुळे अधिकृत काउंटरला महत्त्व आहेच. नेमके म्हणूनच त्या काउंटरवर कोणता भाग खास या ट्रॅक्टरचा आणि कोणता प्रमाणित मापाचा, हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस बसायला हवा. इथे तसा बसत नाही.

बिलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच हंगामात कराचे दर बदलले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि खास ट्रॅक्टरसाठी असलेल्या अनेक भागांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. शेतकऱ्याला या कराची वजावट मिळत नसल्याने तो पूर्णपणे त्याच्याच खिशातून जातो, म्हणून हा बदल लहान नाही: ज्या भागाची करासह छापील किंमत ११८० रुपये होती, तो मूळ किंमत तीच राहिल्यास १०५० रुपयांना मिळायला हवा. आम्ही त्याच सुमारास क्लच प्लेट घेतली तेव्हा खोक्यावर जुनी छापील किंमत होती आणि तीच पूर्ण मागण्यात आली. बदललेल्या दराची आठवण करून दिल्यावर रक्कम कमी झाली, पण आठवण करून न देणाऱ्या माझ्या मागच्या माणसाचे काय झाले, ते मला दिसले नाही. उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे, की इंजिन ऑइल आणि बेअरिंग यांवर १८ टक्केच कर आहे; तेव्हा सगळ्याच बिलावर ५ टक्के लागावेत असा आग्रह धरणाऱ्याचे गणित चुकेल. पक्के बिल मागितले नाही तर कोऱ्या चिठ्ठीवर एकच बेरीज लिहून मिळते, ज्यात भाग, ऑइल आणि मजुरी वेगळी काढता येत नाही आणि उद्या भाग खराब निघाला तर दाखवायला काहीच उरत नाही.

काढलेला जुना भाग परत मागितला पाहिजे, हेही इथे सांगून ठेवतो. न मागितल्यास तो वर्कशॉपच्या भंगाराच्या ढिगात जातो आणि तो खरोखर खराब होता की नाही, हे कोणालाच कळत नाही.

साठ्याच्या बाबतीत हे दुकान विशेष निराश करते. फिल्टर, बेल्ट आणि ऑइल सोडले तर बहुतेक भाग डेपोतून मागवावे लागतात, त्यासाठी पूर्ण रक्कम आगाऊ घेतली जाते आणि भाग कधी येईल याचे उत्तर "गाडी आली की" यापलीकडे जात नाही. यात विक्रेत्याची अडचण मला समजते: एकेका कंपनीची अनेक मॉडेले, प्रत्येकाचे हजारो भाग, आणि ते सगळे फडताळात ठेवायचे तर भांडवल अडकून पडते. परंतु द्राक्षपट्ट्यात मिनी ट्रॅक्टर विकणाऱ्याने निदान पीटीओ, क्लच आणि हायड्रोलिक पंपाचे नेहमी जाणारे भाग छाटणीपूर्वी भरून ठेवावेत, ही अपेक्षा फार नाही. शोरूममध्ये दसऱ्यासाठी नव्या ट्रॅक्टरांची रांग लावायला भांडवल सापडतेच. अनुदान यंत्रखरेदीला आहे, त्याच यंत्राच्या दुरुस्तीला नाही, त्यामुळे सगळ्या साखळीचे लक्ष पुढची विक्री कधी होते याकडेच लागलेले असते.

कायद्याच्या बाजूने शेतकरी अगदीच निराधार नाही, परंतु आधार अर्धवट आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे खोकेबंद भागावर करासह कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे आवश्यक आहे आणि तिच्यापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तेव्हा खोक्यावरची छापील किंमत पाहायला मागणे हा हक्क आहे, उपकार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावताना सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजे असे बजावले होते, पण ते प्रकरण मोटारींचे होते, ट्रॅक्टरांचे नव्हे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा ज्या चार क्षेत्रांची निवड झाली, त्यांत शेतीची अवजारे होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. माझ्या मॉडेलच्या भागांचे दरपत्रक मात्र मला तिथे सापडले नाही. मोठा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि बिघाडाचा संकेत वाचायला विक्रेत्याचा लॅपटॉप लागू लागला. आमच्या मिनी ट्रॅक्टरचे बेअरिंग गावच्या मेस्त्रीलाही वाचता येते. त्या मोठ्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत मात्र ग्राहक आणि विक्रेता यांच्यात दुसरा कोणी उभाच राहू शकणार नाही.

पाच ताऱ्यांच्या हिशेबात विक्रीला चार, मेस्त्रीला साडेचार आणि सुट्या भागांच्या काउंटरला एक, असे माझे गुण आहेत, आणि तो एकही केवळ फिल्टर नेहमी उपलब्ध असतात म्हणून. गुण देण्यापूर्वी मी विक्रेत्याच्या मालकांना भेटलो होतो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि दर कंपनी ठरवते असे सांगितले, जे खरेच आहे. त्यांच्या हातात होती ती गोष्ट, म्हणजे दुरुस्तीपूर्वी भागांचे क्रमांक व किमती लिहिलेला अंदाज ग्राहकाच्या हाती देणे, "बघतो" या शब्दावर थांबली. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर नोंदवलेली तक्रार फिरून त्याच वर्कशॉपच्या व्यवस्थापकाकडे आली आणि त्याने ती मागे घेण्याची विनंती केली. मी ती मागे घेतली नाही. उलट १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आणि माझ्या मॉडेलच्या सर्व भागांचे क्रमांकासह दरपत्रक ग्राहकाला थेट मिळावे, एवढीच मागणी तिच्यात केली. त्यावर कंपनीचे लेखी उत्तर आले आहे, आणि दरपत्रकाच्या माहितीसाठी जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा, असे त्यात म्हटले आहे.